मौनातला कौल आणि बाबांचा शर्ट

"तुझ्या आईचं मौन? अगं, ते मी वर्तमानपत्रासारखं वाचतो! तिची नुसती भुवई हलली तरी मथळा कळतो मला!"

बाबांनी छाती पुढे काढून हे जाहीर केलं आणि पाठोपाठ दणदणीत शिंक दिली. आठवडाभराच्या सर्दीने त्यांचं नाक आता फक्त चष्मा टेकवण्यापुरतं उरलं होतं.

लेकीने ते ऐकलं, म्हणजे तिच्या कानावर पडलं. ती बाबांच्या नव्या शर्टाला इस्त्री करत होती, म्हणजे इस्त्री हातात होती. मन केव्हाच खिडकीतून निसटून समोरच्या छपरावरच्या कोवळ्या उन्हात जाऊन बसलं होतं. मानसशास्त्र शिकायचं, एवढं पक्कं होतं. पण कॉलेजात त्याला दोन दारं होती, कला शाखेचं आणि विज्ञान शाखेचं. बाराच्या आत कॉम्प्युटरवर एक निवडायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाची!

कला म्हटलं की तिला दिसे एक मोठं सावलीचं झाड, खाली ती, मांडीवर पुस्तक, आणि कुणीतरी हळूहळू आपलं दुःख सांगतंय. विज्ञान म्हटलं की पांढरा कोट, काचेची नळकांडी, आणि चक्रव्यूहात वाट शोधणारा एक विचारी उंदीर. दोन्ही स्वप्नं इतकी गोड की एकातून उठून दुसऱ्यात जाणं तिच्या जिवावर यायचं.

"आईच ठरवेल," बाबा म्हणाले.

आई कोपऱ्यात आसनावर बसली होती. माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. त्यात आज लेकीचं सुरळीत व्हावं म्हणून तिने जास्तीची माळ धरली होती.

साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून मामाही डोकावत होता. कवी व्हायचं राहून गेलेला विमा एजंट! "ताई, नुसती खूण कर. कला की विज्ञान?"

आईने डोळे उघडले. तिला दिसलं ते एवढंच, की लेक हनुवटीला हात लावून खिडकीबाहेर बघतेय आणि तापलेली इस्त्री शर्टावर पालथी निवांत पहुडलीय.

आईने तळहात पसरून घाईघाईने मागेपुढे फिरवला.

"लाटा!" मामा ओरडला. "मनाच्या लाटा! कला!"

"लाटा कसल्या? आलेख आहे तो!" कारखान्यात मापं तपासण्यात जन्म घालवलेले बाबा कडाडले. "संख्याशास्त्र! विज्ञान!"

आईने नाक दाबलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

"बघा भाऊजी, उंदरांना वास येतो म्हणतेय. विज्ञान नको!"

"अहो, नाक म्हणजे श्वसनसंस्था! जीवशास्त्र घे म्हणतेय!"

आईची माळ गाडी सुटल्यासारखी पळू लागली. लेकीच्या नाकात जळका वास शिरला, पण तो शिरला थेट स्वप्नात. प्रयोगशाळेत काहीतरी छान खदखदत होतं. उंदराने मान हलवली. मग धूर पसरला, तेव्हा झाडाखाली संध्याकाळचं धुकं उतरलं.

"तुमच्यामागे धुकं सुंदर दिसतंय हो," मामा हळवा झाला.

"धुकं? आक्छी! कुठाय धुकं?"

आईने कळवळून दोन्ही हात वर फेकले.

"दोन्ही शाखा!" यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

तेवढ्यात शेवटचा मणी सरला.

"इस्त्री!!!"

ज्या बाईचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नव्हता, तिने छप्पर हलवलं. बाबांनी कॉम्प्युटरकडे धाव घेतली. "इस्त्री! हे... हे विज्ञानातच येतं ना?"

आईने पळत जाऊन प्लग उपटला. शर्टाच्या पाठीला इस्त्रीच्या आकाराची खिडकी पडली होती. तिच्यातून टेबल स्वच्छ दिसत होतं.

लेक सकाळपासून पहिल्यांदा पुरती जागी झाली.

"बाबा, खुणा त्याच होत्या. मामाला त्यात कविता दिसली, तुम्हाला आलेख. आणि मला खरा धूर लागला, तर मी त्याचं धुकं करून टाकलं! असं कसं होतं?"

"अगं, पण माझा शर्ट..."

"मला हे तपासून बघायचंय. माणसं बदलून, खुणा बदलून, नीट मोजून." तिने कुणालाही न विचारता विज्ञानावर बोट दाबलं.

"आणि कविता?" फोनमधून बारीक आवाज आला.

"ती झाडाखाली वाचीन, मामा. झाड कुठे जातंय?"

बाबा भोक पडलेला शर्ट हातात धरून आईकडे वळले. "पण तुझं मत तरी काय होतं?"

"माझं?" आईचा आवाज पुन्हा नेहमीसारखा मऊ झाला होता. "ते मी काल जेवताना हिला सांगितलं की. म्हटलं, विज्ञान घे. कसं, का, किती, हे विचारल्याशिवाय तुला घास उतरत नाही. चांगली 'बरं' म्हणाली!"

लेकीने पुन्हा खिडकीबाहेर गेलेली नजर आत वळवली.

"कधी गं?"