होनोरा आजीचं खरं वय

पोस्टमनच्या नोकरीतून सुटल्यावर फिन्टन मुलक्वीनने गुलाब लावले असते, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण १९९५ सालच्या एका रविवारी बटाटे सोलता सोलता त्याची पंच्याऐंशी वर्षांची आई अट्रॅक्टा म्हणाली, "माझ्या होनोरा आजीचं माहेर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं रे. दारात काटेझाड, झाडाखाली झरा. रोज आठवण काढायची. पण गावाचं नाव विचारलं की गप्प!"

"एवढंच ना? शोधतो की!" फिन्टन म्हणाला. (तीस वर्षं एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं. गर्व, दुसरं काय!)

जनगणनेत बघावं, तर जुनी दप्तरं १९२२ साली डब्लिनला जळून खाक झालेली. अख्ख्या देशाचे आजे-पणजे धूर होऊन उडून गेले. शेवटी हाती लागला तो आजीचा १९०९ सालचा पेन्शनचा अर्ज: 'मोठ्या वादळाच्या रात्री मी आपल्या हाताने बटाटा खात होते.' वादळ १८३९ सालचं. म्हणजे आजी सत्तरीपार, पेन्शनला पात्र. फिन्टनने चर्चच्या जन्मनोंदींच्या वहीतून १८३६ साली जन्मलेली होनोरा कन्सिडिन (हे आजीचं माहेरचं आडनाव) हुडकून काढली. गाव तीस मैलांवर.

कागद इतके साठले की बायको डिम्फ्ना ओरडली, "तुझे पूर्वज माझ्या जेवणाच्या टेबलावरून उचल!" मग त्याने मागच्या शेतात खोली बांधली. (शेत सासऱ्याचं, फिन्टन घरजावई.) तिथल्या पडक्या घराचे दगड खोलीच्या पायासाठी वापरले. शेजारच्या काटेझाडाला मात्र हात लावला नाही. तोडलं तर पऱ्या कोपतात असलं झाड तोडायला तो काय वेडा होता? खोलीची जमीन कायम ओली राहायची. दोन वर्षं तो गवंड्याला शिव्या देत होता.

अखेर सँडविच बांधून आईला त्या तीस मैलांवरच्या गावी नेलं. पडक्या भिंतीला हात लावून अट्रॅक्टा रडली. फिन्टनचेही डोळे भरून आले. तेवढ्यात गमबूट घातलेली घरमालकीण आली.

"कोण गेलं?"

"होनोरा कन्सिडिन. माझी पणजी."

"अगंबाई! आमची होनोरा तर पंचावन्न वर्षं मठात नन होती!"

फिन्टनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अट्रॅक्टा डोळे पुसता पुसता फिस्सकन हसली. गाडीत म्हणाली, "वादळाच्या वेळी आजी जन्मलीच नव्हती. अठराशे एक्कावन्नचा तिचा जन्म. पेन्शनसाठी पंधरा वर्षं वाढवली. सगळ्या गावानेच वाढवली होती."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"शपथ घातली होती तिने. सरकारी माणसाला सांगायचं नाही. तू पोस्टात होतास!"

"अगं, तिला जाऊन सत्तर वर्षं झाली!"

"सरकारचा काय भरवसा?"

एक्कावन्नच्या वहीत खरी होनोरा दुसऱ्याच दिवशी सापडली. वाडीचं नाव वाचून फिन्टनने चष्मा पुसला. जमिनीचा जुना नकाशा काढला, कन्सिडिनांच्या घराच्या खुणेवर बोट ठेवलं आणि मटकन खुर्चीत बसला. खुर्ची बरोबर त्याच खुणेच्या जागी होती: मागच्या शेतात, त्याच्याच खोलीत.

त्याने आईला हाताला धरून आणलं. दारातल्या काटेझाडाकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग वाकली, झऱ्याने ओल्या राहिलेल्या फरशीला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. "आले गं आजी," एवढंच म्हणाली. फिन्टनला हुंदका आवरेना. सगळ्या जन्मात एक पत्ता त्याने खरोखर शोधला होता, तोही त्याच्यावर खोली बांधून.

अट्रॅक्टाने नाक पुसलं, त्याच्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "चल, तुझे कागद उचल आता. आजीच्या घरात सरकारी माणूस नको."