पौष्टिक डबा फिरतीवर

चिवडा घ्यावा की नाही या विचारात मी मेन रोडवरच्या दुकानासमोर इतका वेळ उभा होतो, की शेवटी दुकानदारानेच विचारलं, "काका, पत्ता शोधताय का?" अशा वेळी माणूस ओशाळतो. ओशाळून मी अर्धा किलो घेतला. लसणाचा.

यात गुन्हा काय, असं तुम्ही म्हणाल. गुन्हा असा, की मी हार्ट फेल्युअरचा जुना पेशंट आहे. (नाव ऐकून घाबरू नका. हृदय नापास झालेलं नाही, एटीकेटीवर चालू आहे. पंपिंग कमी पडतं, पाय सुजतात, दम लागतो. गोळ्या वेळेवर घेतल्या की बरं असतं.) आमच्या डॉक्टरबाईंनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. मीठ बेताचं, पाणी मोजून, रोज सकाळी वजन आणि रोज सावकाश चालणं. पहिल्या तीन गोष्टी ज्योत्स्नाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आपल्या ताब्यात घेतल्या. चौथी माझ्यावर सोपवलेली होती, त्यामुळे ती होत नव्हती.

आता चिवडा लपवायचा कुठे? आमच्या घरात ज्योत्स्नाचा हात जात नाही अशी एकच जागा होती. पौष्टिक पावडरच्या डब्यांची!

त्याचं असं आहे, की आमच्या सिडकोतल्या कॉलनीत आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पूर्वी लोक बिस्किटांचा पुडा नाहीतर शहाळं आणायचे. आता पावडरचा डबा आणतात. हृदयासाठी वेगळा, हाडांसाठी वेगळा, आणि एक 'संपूर्ण कुटुंबासाठी', ज्यावर दंड फुगवलेले आजोबा खदाखदा हसतायत. माझ्या कपाटावर त्यांची भिंत उभी राहिली होती. मोबाइलमधला तिचा फोटो बघून डॉक्टरबाईंनी हातच जोडले.

"पगारे, मला विचारल्याशिवाय यातलं काहीही उघडायचं नाही. कशात मीठ असतं, कशात पोटॅशियम, तुमच्या गोळ्यांशी जमलं नाही तर भलतंच होऊन बसेल. रक्तात काही कमी दिसलं तर मी लिहून देईन. तोवर जेवणावर लक्ष द्या."

मग एवढ्या डब्यांचं करायचं काय? आहेरात आलेल्या ब्लाउजपीसचं करतात तेच. दुसरं कुणी आजारी पडलं की त्याच्याकडे न्यायचे. तोही उघडत नाही, पुढच्याला देतो. एक डबा तर आमच्याकडून निघून, दोन ऑपरेशनं आणि एक कावीळ बघून, परत आमच्याकडेच आला होता. झाकणावरच्या पोच्यावरून मी त्याला ओळखलं. अगदी भरून आलं.

त्याच डब्याची मी निवड केली. आतली पावडर गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली, डब्यात चिवडा भरला, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि डबा होता तिथे ठेवून ऑफिसला गेलो. दिवसभर मी फायलींवर सह्या करत होतो, पण मन कपाटावर होतं. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर डबा गायब!

"अगं, इथला तो पोचा आलेला डबा?"

"मंगलाबाईंना दिला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय ना त्यांचं," ज्योत्स्ना भाजी चिरता चिरता म्हणाली. "का हो? तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. हृदयाचा होता तो. पित्ताशयाला चालेल का, म्हणून."

मी काढलेल्या चपला पुन्हा पायांत घातल्या. कारण बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती.

दर बुद्धपौर्णिमेला आमची अख्खी कॉलनी पांढरे कपडे घालून त्रिरश्मी लेणी चढते. पायऱ्यांवर सगळ्यांत पुढे मी, आणि वर पोचल्यावर वंदनेचा पहिला आवाजही माझाच. (आवाज बरा आहे म्हणून नव्हे, मोठा आहे म्हणून.) मागच्या वर्षी नेमका त्याच दिवशी मी नाकात ऑक्सिजनची नळी घालून दवाखान्यात पडलो होतो. लोकांनी वंदना फोनवर ऐकवली. ज्योत्स्ना तोंड फिरवून रडली होती, आणि मला ते दिसलं होतं. यंदा चढायचं की नाही हे डॉक्टरबाई तपासून ठरवणार होत्या. त्याआधी चिवड्याचा बोभाटा झाला असता, तर ज्योत्स्नाने मला लेण्यांच्याच काय, जिन्याच्याही पायऱ्या चढू दिल्या नसत्या. डबा परत मिळवणं भाग होतं.

मी लगेच मंगलाबाईंच्या घरी गेलो. पलीकडच्या गल्लीत.

"कशी आहे तब्येत?"

"या भाऊ, जय भीम. बरी आहे. डब्याबद्दल ज्योत्स्नाताईंना सांगा हं, फार बरं वाटलं."

"उघडला?" माझा आवाज चिरकला.

"छे हो! दत्तू अण्णांकडे पाठवला. गुडघा बदललाय त्यांनी."

दत्तू अण्णा तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टला माझ्यापेक्षा जुना आजार आहे. प्रत्येक वळणावर बसत, लोकांच्या दारांवरच्या पाट्या वाचत वर पोचलो. आता आजाऱ्याच्या घरी जाऊन एकदम 'डबा द्या' असं कसं म्हणणार? अण्णांनी गुडघ्याचा एक्सरे दाखवला. मग तुलनेसाठी दुसऱ्या गुडघ्याचा दाखवला. मी दोन्हींचं कौतुक केलं. तेव्हा कुठे कळलं, की डबा राणेनगरला लताबाईंकडे गेलाय.

दुसऱ्या दिवशी राणेनगर. लताबाईंनी तो पाथर्डी फाट्याला धोंडीराम तात्यांकडे दिलेला. तात्या मूळचे येवल्याकडचे, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि त्यांना साधा खोकला झालेला.

"त्यो डबा व्हय? हाय ना. पर कपाटाची चावी सूनबाईकडं हाय. उद्या ये."

मी उद्या गेलो.

"आरं, सूनबाई म्हायेरी गेली. परवा ये. रिक्षानं नको येऊ बाबा, लय लुटत्यात."

परवाही गेलो. चालत. मग रोजच. ज्योत्स्ना काही विचारत नव्हती. उलट मी निघालो की पायात घालायला बूट पुढे करत होती. चिवडा तात्यांच्या कपाटात, आणि मी पाथर्डी फाट्याच्या रस्त्यावर.

तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टरबाईंनी पाय दाबून पाहिले, सूज नव्हती. वजन स्थिर होतं. मला व्हरांड्यातून चालवलं, मी टकाटक चालून आलो आणि वर एक ओळ गुणगुणलोही.

"पगारे, काय केलंत काय? कुठली पावडर तर नाही ना घेतलीत?"

"छे! डबा हाताला लागेल तर शपथ!" मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

"रोज आजाऱ्यांना भेटायला जातात हो," ज्योत्स्ना म्हणाली. "चालत. स्वभावच बदललाय त्यांचा."

"मग चढा. पण सावकाश, बसत बसत. जिथे दम लागेल तिथून परत फिरायचं."

आणि मी चढलो! पुढे नाही, सगळ्यांच्या मागे, दर थोड्या अंतराला कठड्यावर टेकत, ज्योत्स्नाचा हात धरून. (तिनेच माझा धरला होता, पण मी धरला होता असं लिहायला काय हरकत आहे?) वर पोचलो तर सगळी कॉलनी थांबलेली. वंदना कुणी सुरूच केली नव्हती. तात्यांनी नुसती मान हलवली. मी डोळे मिटले आणि "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणताना माझा तो मोठा आवाज असा काही निघाला, की पाखरं उडाली म्हणतात. ज्योत्स्ना रडत होती. या वेळी तोंड न फिरवता. मी जिंकलो होतो, अगदी वाजतगाजत जिंकलो होतो.

खाली उतरलो. पायथ्याशी मंडळाची खीर तयार होती. पातेलंभर खीर, आणि भोवती वाट्या घेऊन उभी असलेली अख्खी कॉलनी. ज्योत्स्नाने पळीने खीर ढवळली.

"जराशी पातळ झालीय."

"मंग ह्यो घाल की!" तात्यांनी पिशवीतून डबा काढला. पत्र्याचा. झाकणावर पोचा. "पौष्टिक हाय. दुधाचाच हाय."

ज्योत्स्नाने चिकटपट्टी सोडवायला घेतली. माझ्या डोळ्यांसमोर लसूण, तळलेली मिरची आणि पोहे त्या पवित्र खिरीत तरंगू लागले. इतक्या लोकांची खीर! माझी जीभ माझ्या आधी धावली.

"अगं थांब! त्यात चिवडा आहे! माझा!"

ज्योत्स्नाने झाकण उघडलं आणि डबा माझ्यापुढे धरला. आत पांढरीशुभ्र दूध पावडर होती.

"चिवडा?" ती म्हणाली. "कढीपत्त्याच्या कुंडीला एवढ्या मुंग्या लागल्या, मला कळणार नाही? त्याच दुपारी आम्ही बायकांनी भिशीत संपवला तो."

"मग डबा... मंगलाबाई... दत्तू अण्णा..."

"डबा घरीच होता, माझ्या ट्रंकेत. काल दूध पावडर भरून दिला तात्यांना. डॉक्टर चाला म्हणाल्या तर तुम्ही चालला नाहीत. मी सांगून दमले, तरी चालला नाहीत. चिवड्यासाठी मात्र पाथर्डी फाट्यापर्यंत गेलात. सगळ्यांना मीच सांगून ठेवलं होतं, यांना पुढच्या घरी धाडा म्हणून."

सगळी कॉलनी हसत होती. दत्तू अण्णा तर नवा गुडघा धरून हसत होते. रागवायचं म्हणून मी छाती भरून श्वास घेतला, तर तो इतका छान आत गेला की रागावताच येईना.

तेवढ्यात मंगलाबाई वाटी घेऊन जवळ आल्या आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. चिवडा होता बरं का छान. फक्त मीठ जरा कमी पडलं होतं."