राणी कोणाला बाजू देत नाही

बाळकुमच्या गोपीनाथने साऱ्या भावकीसमोर छाती ठोकून सांगितलं होतं : ज्या राणीतून माझी बायको आवडाबाई सून होऊन आली, त्याच राणीतून लेक करिश्मा लग्नाला जाईल!

राणी म्हणजे त्याची जुनी गाडी. गियर स्टिअरिंगला, पुढची सीट सोफ्यासारखी सलग, आणि चोक ओढल्याशिवाय न उठणारी. मुलाने, धनेशने, विजेची नवी गाडी घेतल्यापासून घरात रोज तुलना चालायची. करणारा एकटा गोपीनाथच.

थंडावा :
लग्नाच्या सकाळी आवडाबाई सरळ नवीत जाऊन बसली. एसी आहे म्हणाली. जिला राणीने नवरी म्हणून आणलं, तीच फितूर! करिश्मा मात्र बापाचं तोंड बघून, शालू सावरत राणीत मागे बसली. मुहूर्ताआधी डोंबिवलीचा हॉल गाठायचा होता.

दम :
काशेळीच्या पुलावर राणी बसली.

गोपीनाथने मागे खूण केली, बंपर लाव आणि ढकल. धनेशने गाडी पुढे घेतली. वीतभर अंतरावर नवीने आपणहून ब्रेक मारला. पुन्हा घेतली, पुन्हा थांबली. साडीला डाग पडेल म्हणून लांब उभ्या राहणाऱ्या पाहुणीसारखी!

"बाबा, ती टक्कर होऊच देत नाय."

"टक्कर? घरच्या माणसाला हात लावायला लाज वाटते काय तिला?"

शेवटी करिश्माच उतरली. उंच टाचांच्या चपला सीटवर काढल्या, शालू खोचला आणि भावासोबत धक्का मारू लागली. उतार आला, गोपीनाथने क्लच सोडला, राणी खोकली आणि सुटली. मागचं दार धाडकन लागलं.

दार :
"ऐकलंस? याला दार म्हणतात. तुझ्या दादाच्या गाडीचं दार म्हणजे वहीचं पान!" गोपीनाथ पुढे बघून बोलत सुटला. मागे बघणार कसा? आरसा भावकीने झेंडूच्या माळांनी झाकलेला. आणि थांबला असता तर राणी पुन्हा उठली नसती.

आवाज :
मागून धनेशचा हॉर्न. पुढे जायचंय काय? गोपीनाथने बाजू दिली नाही. खिशात फोन वाजत राहिला. गाडी चालवताना तो उचलायचा नाही हे त्याचं तत्त्व. माणकोली गेली, खाडीपूल गेला. तो करिश्माला सांगत होता, सासरी कोणी बापाच्या घरच्या वस्तूला जुनी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. मागून उत्तर नाही. पोरगी रडत असणार. त्याचेही डोळे भरले.

हॉलवर बँजो सुरू झाला. विहीणबाई ताम्हन घेऊन पुढे आल्या, मागचं दार उघडलं, आणि ताम्हन तसंच हातात राहिलं. सीटवर फक्त चपला होत्या.

मागोमाग नवी गाडी चाहूल न देता आली. करिश्मा उतरली. अनवाणी.

"बाबा, काशेळीपासून हॉर्न मारतोय," धनेश म्हणाला.

गोपीनाथने दोन्ही चपला उचलल्या आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विहीणबाईंना सांगितलं,

"चपला माझ्याच गाडीतून आल्यात. ओवाळा!"