समरवीरसाठी राखीव गच्ची

सुरतच्या दिंडोलीतल्या श्रीकृपा रेसिडेन्सीच्या सर्वसाधारण सभेत निंबा बोरसेची गच्चीवरची तार काढून टाकण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे निंबाचं मत धरून. त्याने बोलायची परवानगी मागण्यासाठी हात वर केला होता, तो बाजूने मोजला गेला.

तार म्हणजे दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली तांब्याची एरियल. निंबाला हॅम रेडिओचा नाद होता. या नादात रीतसर परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवायचा असतो आणि मग घरच्या यंत्रावरून दूर गावच्या अशाच परवानावाल्याशी बोलायचं असतं. बोलण्याचा विषय मुख्यतः एकच. तुमचा आवाज येतोय, माझा येतोय का? येत असेल तर किती स्वच्छ येतोय, काल कसा येत होता, उद्या कसा येईल. जगाला यात काही राम दिसत नसे. पण निंबा कडोदऱ्याच्या यंत्रमाग कारखान्यात सुपरवायझर होता. दिवसभर मागांच्या खडखडाटात त्याचं बोलणं कोणाला ऐकू जात नसे, सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले. अशा माणसाला संध्याकाळी मुंबईहून कोणी 'निंबाभाऊ, तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय' असं म्हटलं, की जेवण गोड लागे.

हे म्हणणारा मुंबईचा माणूस म्हणजे मोहन. मूळचा बुलढाण्याकडचा, आवाज बारीक आणि किंचित नाकातला. कामाचं विचारलं की 'असंच, पडापडीचं काम आहे' म्हणे. निंबाने तो बांधकामावर असावा असं धरलं आणि सांभाळून राहा म्हणून बजावलं.

तारेवरचे आरोप गंभीर होते. तिच्यामुळे मॅचच्या वेळी टीव्ही अडखळतो, पापड वेळेवर वाळत नाहीत, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचं डोकं दुखतं. शिवाय सोसायटीचे चेअरमन रघुनाथ सैंदाणे, ज्यांचा साडीच्या लेसचा धंदा होता, त्यांनी देशाच्या सुरक्षेचा मुद्दा काढला. हजीऱ्याला एवढे मोठे कारखाने असताना हा इसम रोज संध्याकाळी कोणाशी बोलतो, असा त्यांचा प्रश्न होता. महिनाअखेर तार उतरवा, असं ठरलं. निंबाने ते मोहनला सांगितलं. मग मोहन म्हणाला, की मी येऊन तुमच्या चेअरमनशी बोलतो, तशीही ती तार एकदा बघायचीच आहे.

त्याच आठवड्यात निंबाच्या बायकोने, गायत्रीने, मोबाइलवर समरवीरची मुलाखत पाहिली. समरवीर म्हणजे एका हाताने हेलिकॉप्टर खाली ओढणारा आणि खर्जातल्या एका वाक्याने थिएटर हलवणारा हिंदी सिनेमाचा नट. मुलाखतीचा शब्दन् शब्दही त्याच खर्जात होता, कारण कंपनीने तोही डबिंगच्या कलाकाराकडून करून घेतला होता. छंद विचारल्यावर समरवीर म्हणाला, हॅम रेडिओ. जिवलग मित्र विचारल्यावर म्हणाला, सुरतचे निंबाभाऊ बोरसे, दिंडोली. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही, येत्या रविवारी त्यांची तार बघायला जातोय.

गायत्रीने ती मुलाखत नवऱ्याला पुन्हा पुन्हा दाखवली. निंबाने एवढंच विचारलं, की मग मोहनचा आवाज कोणाच्या गळ्यात आहे?

दुसऱ्या दिवशी सैंदाणे घारी या सुरती मिठाईचा डबा घेऊन घरी आले. तातडीची सभा बोलावली गेली आणि आधीचा ठराव नजरचुकीने झाल्याचं एकमताने ठरलं. तार ही सोसायटीची शान असल्याचं इतिवृत्तात नोंदलं गेलं. शान झाल्यामुळे ती निंबाची राहिली नाही, सामाईक मालमत्ता झाली. सामाईक मालमत्ता हाताळायला चेअरमनची परवानगी लागते, म्हणून गच्चीला कुलूप लागलं. तीन विंगांमध्ये हॅम रेडिओ प्रेमी मंडळाच्या शाखा निघाल्या. त्यातल्या एकाकडेही यंत्र नव्हतं, पण टी-शर्ट सगळ्यांकडे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने, तारेमुळे डोकं हलकं वाटतं, असं स्थानिक चॅनेलला सांगितलं.

बांबू बरे दिसत नाहीत म्हणून त्यांना सोनेरी कागद लावला. तारेवरून चमकत्या दिव्यांच्या माळा सोडल्या. त्या लागल्यापासून निंबाच्या यंत्रात चणे भाजल्यासारखा आवाज येऊ लागला आणि मोहन ऐकू येईना. निंबा सैंदाण्यांकडे गेला आणि माळा काढा म्हणाला. सैंदाणे शांतपणे म्हणाले, "निंबाभाऊ, ऐकायचं तर तुमचं रोजचंच आहे. रविवारी तार दिसली पाहिजे."

रविवारी दुपारी गेटपाशी रिक्षातून एक माणूस उतरला. डोक्यावर टोपी, टोपीखाली विरळ पांढरे केस, पायात साधी चप्पल. वॉचमनने हटकल्यावर त्याने समरवीर असं नाव सांगितलं. वॉचमनने सैंदाण्यांना बोलावलं. सैंदाणे आणि मंडळाचे पदाधिकारी भोवती जमले आणि त्याला तो प्रसिद्ध डायलॉग म्हणायला सांगितला. त्याने म्हटला. बारीक, नाकातल्या आवाजात तो ऐकून मंडळी हसून हसून वाकली.

त्या हसण्यातूनही तो आवाज पहिल्या मजल्यावरच्या निंबाच्या कानावर पडला. तो अनवाणी खाली धावला. समोरच्या चेहऱ्याची त्याला काहीच ओळख पटली नाही, म्हणून त्याने क्षणभर डोळे मिटून घेतले.

"मोहन, आवाज येतोय," तो म्हणाला.

मोहनने त्याला मिठी मारली. हाच समरवीर, असं निंबाने सगळ्यांना सांगितलं. सैंदाण्यांनी ते नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, "हे मोहनभाई असतील, आमचा वांधा नाही. पण आम्ही वाट बघतोय समरवीरची." आणि गच्ची समरवीरसाठी राखीव असल्यामुळे मोहनभाईंना वर जाता येणार नाही, हेही त्यांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं.

मोहनने वाद घातला नाही. उलट इतकी वर्षं या नावाने जगतोय, पहिल्यांदाच त्याच्यापासून सुटका झाली, असं तो जिना चढताना म्हणाला.

गायत्रीने पाहुण्याकडे निरखून पाहिलं. डोळे तेवढे समरवीरसारखे आहेत, असं तिचं मत पडलं. तिने शेवभाजी वाढली. "जेवी ल्या भाऊ, बिगीन," ती म्हणाली, कारण खाली समरवीर यायची वेळ होत आली होती.

जेवणं झाली आणि दोघे मित्र समोरासमोर बसले. तेव्हा खरी पंचाईत झाली. आवाज इतका स्वच्छ येत होता, की बोलायला विषयच उरला नाही. निंबाने पंखा कमी केला, मग वाढवला. मोहनने भिंतीवरचं कॅलेंडर वाचून काढलं. शेवटी त्याने खिशातून हातात मावणारा छोटा रेडिओ सेट काढला. निंबाने आपला घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. मोहन गॅलरीत कपड्यांच्या आड उभा राहिला.

"निंबाभाऊ, माझा आवाज येतोय का?"

"येतोय. थोडी खरखर आहे."

मग मात्र दोघांना वेळेचं भान राहिलं नाही. मोहनने मन मोकळं केलं. सिनेमात ओठ त्याचे हलतात, गळा दुसऱ्याचा असतो. त्याचा स्वतःचा आवाज मुद्दाम ऐकायला थांबणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो आत्ता भांडी घासायच्या जागेपाशी उभा आहे. निंबाने फक्त पोहोच दिली, सगळं ऐकू आलं म्हणून.

खाली गर्दी आवरेना आणि चॅनेलची गाडी आली. करमणुकीला बोलावलेल्या मिमिक्रीवाल्याला सैंदाण्यांनी काळा चष्मा चढवला आणि गच्चीवर नेलं. त्याने खर्जात डायलॉग टाकताच बायामाणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तारेला हात लावला, मान डोलावली आणि सोनेरी बांबूपाशी प्रत्येकाबरोबर फोटो काढून घेतला. गायत्रीनेही घेतला. तो आता हॉलमध्ये फ्रेम करून लावला आहे. मोहन अंधार पडायच्या आत रिक्षाने परत गेला. नंतर त्याने शेवभाजीच्या ताटाबरोबरचा आपला फोटो समाजमाध्यमावरच्या खात्यावर टाकला, तेव्हा तो खोटा असल्याची तक्रार सर्वांत आधी श्रीकृपाच्या मंडळाने केली. त्यांनी खरा समरवीर डोळ्यांनी पाहिला होता.

तारेभोवती आता लोखंडी जाळी आहे. निंबाने गॅलरीत दुसरी तार ताणली आहे, तिच्यावर गायत्री साड्या वाळत घालते आणि चालतंय. निंबा आणि मोहन अजून रोज बोलतात. कारखान्यात, बाजारात, लग्नाकार्यात लोक निंबाला गाठून विचारतात, समरवीर उंच किती आहे, केस खरे की खोटे, मानधन किती घेतो. ते दोघे एकमेकांशी काय बोलतात, हे अजून कोणी विचारलेलं नाही. आणि वाचकहो, तुम्हाला तरी काय बोलावं? हा समरवीर म्हणजे नेमका कोणता नट, हेच तुम्ही मघापासून ओळखत बसला आहात.