पहिला पोचा गिऱ्हाइकाचा

भाड्याने दिलेली गाडी परत आली की दत्तूनाना डोळे मिटायचे. तळवा बॉनेटवर टेकवायचे आणि गाडीला सावकाश प्रदक्षिणा घालायचे. तळवा एखाद्या जागी थबकला की गिऱ्हाइकाचं काळीजही तिथेच थबकायचं. एका डॉक्टरांना तर जागच्या जागी घेरी आली. नानांनी त्यांना पाणी दिलं, पण आधी ते गाडीवर आपटले नाहीत ना, याची खात्री करून घेतली.

नाना आमच्या गंगापूर रोडच्या गल्लीत कोपऱ्यावर राहायचे. जन्मभर भूमापन खात्यात जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर एक व्हॅन घेऊन ती बिनड्रायव्हरची भाड्याने द्यायला लागले. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला, बारशाला, मुलगी बघायला अर्ध्या नाशकाने तीच व्हॅन नेली. ती मुळात पांढरी होती, असं जुनी माणसं सांगत.

मोजणीची खोड मात्र हातातून गेली नव्हती. गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याला, प्रत्येक पोच्याला तो जिथे पडला त्या गावाचं नाव होतं. चावी देण्याआधी नाना सगळा मुलूख दाखवत. "हे मौजे घोटी. पूर्वेस दाराची कडी, पश्चिमेस मागचं चाक. हे मौजे सिन्नर, बैलगाडीचं जू लागलंय. आता परत येताना नवीन गाव वसलेलं दिसलं, तर ते तुमचं!" गाडी कुठेही तोंड करून उभी असो, नानांची पूर्व कायम हेडलाइटच्या बाजूला. मी पहिल्यांदा गाडी न्यायला गेलो तेव्हा ही मोजणी इतकी चालली, की ज्याच्या मुंजीला निघालो होतो त्या बटूला मिसरूड फुटायची वेळ आली.

विम्याचंही त्यांचं स्वतंत्र शास्त्र होतं. "विमा आहे हो, पण पहिला पोचा गिऱ्हाइकाचा. पुढचे पोचे कंपनी बघेल." आता एका फेरीत दोन पोचे आणणारा वाघ कुठून आणायचा? म्हणजे विमा नावाला आणि भरपाई आपल्या बोडक्यावर. एका वकिलाने मात्र पहिला पडल्यावर हौसेने दुसराही पाडून आणला. नाना खूश झाले. म्हणाले, "वा! आता यातला पहिला कोणता, तेवढं सिद्ध करा." वकील अजून पुरावे गोळा करतोय म्हणे.

गंमत म्हणजे भरपाईचा आकडा नाना कधीच सांगत नसत. "रविवारी या, बघू." रविवारी अंगणात खुर्च्या मांडलेल्या असत. चहा व्हायचा, चिवडा व्हायचा, जगभरच्या गप्पा व्हायच्या. मग नाना चष्मा शोधणार, टेप शोधणार, पोच्याशी उकिडवे बसणार आणि मान हलवणार. "घाईने आकडा लावला तर तुमच्यावर अन्याय होईल. पुढच्या रविवारी बघू."

चांदवडचे कांदेवाले भिकाभाऊ एकदा रडकुंडीला आले. "नाना, लय झालं आता! पैशे घ्या अन् सोडा ना मला. बायको इचारती, नाशकात कोन हाय म्हून दर रईवारी पळता?"

"भिकाभाऊ, तुमच्या पोच्यात पाणी साचतं की नाही, हे पावसाळा गेल्याशिवाय कसं कळणार?"

"मागल्या पावसाळ्यात पन ह्येच म्हनला व्हतात!"

"तेव्हा पाऊस कमी होता."

भिकाभाऊ कपाळावर हात मारत आणि पुढच्या रविवारी ओल्या शेंगांची पिशवी घेऊन हजर होत. माझाही एक पोचा होता. घाटात माकडाला वाचवताना कठड्याने दिलेला, मौजे वणी. त्याचा निकाल लागता लागता माझं लग्न झालं, मुलगा शाळेत गेला आणि तोही रविवारी चिवडा खायला यायला लागला.

मग दोन हजारनंतर मुंबई नाक्याजवळ भाड्याच्या गाड्यांचं एक चकाचक दुकान निघालं. तिथे थोडे जादा पैसे भरले की पोचा पडो, दार निखळो, पहिल्या पोच्यापासून सगळं कंपनीचं. चावी टेबलावर टाकायची आणि चालू पडायचं. गिऱ्हाइकं तिकडे वळली. डॉक्टर पुण्याला गेले, भिकाभाऊंचे गुडघे गेले. अंगणातल्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या.

"नाना, तुम्हीही तसाच पूर्ण विमा द्या," मी म्हणालो. "लोक येतील."

"येतील. आणि चावी टाकून जातील." नाना रिकामी खुर्ची फडक्याने पुसत होते. "पहिला पोचाही कंपनीचाच झाला, तर माणूस पुन्हा कशाला येईल रे?"

नानी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दूर आसामात. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात मी काही काम नसताना व्हॅन नेली. त्र्यंबक रोडने इतक्या जपून चालवली, की म्हशी मला ओव्हरटेक करून गेल्या. परत आणली. नानांनी डोळे मिटले. तळवा घोटीवरून निघाला, सिन्नर झालं, वणीवर जरा रेंगाळला, पूर्ण फेरी झाली. नानांनी डोळे उघडले.

"काही नाही. जशीच्या तशी आहे." असा पडलेला चेहरा मी दहावी नापास झालेल्याचाही पाहिला नव्हता. "छान. मोकळा झालास तू."

ते चावी अडकवायला आत वळले. मी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून घराची किल्ली काढली आणि मागच्या चाकापाशी एक झकास रेघ ओढली. आवाज असा झाला, की कुंपणावरचे कावळे गोदावरीपार गेले.

"नाना! अहो, हे राहिलं की बघायचं!"

नाना बाहेर आले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. वाकून रेघेवरून बोट फिरवलं. बोटाला रंगाचा ताजा भुगा लागला. त्यांनी तो पाहिला, मग माझ्या मुठीतली किल्ली पाहिली. मग घसा खाकरला.

"पूर्वेस मागचं चाक, पश्चिमेस लाल दिवा."

"गाव त्र्यंबक रोड धरा, नाना."

"मोजणी मी करतोय की तू?" नाना म्हणाले. "मौजे अंगण." आणि बोट लेंग्याला पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिला पोचा गिऱ्हाइकाचा, माहीत आहे ना? रविवारी ये. पोरालाही आण."