संदर्भात आधी कोण?

एम.ए.चा प्रकल्प? माझ्या डाव्या हाताचा मळ! आमच्या न्हावरे गावच्या कांदा साठवायच्या चाळींसाठी माझ्याइतकं उन्हात कुणी हिंडलंच नसेल! आता पाचच्या आत दौंडच्या कॉलेजात पंधरा पानं टेकवायची, की झालं. चुकलं तर मात्र वर्ष वाया!

मच्छिंद्रआप्पांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, शिरूरच्या मार्केट यार्डात काम होतं. गाडी त्यांची, म्हणून छपाईही तिथंच, महेंद्रच्या दुकानात उरकायची ठरली. महेंद्र मूळचा लग्नपत्रिकावाला, पण हात भलता चपळ! आप्पांनी सहज स्क्रीनकडं पाहिलं आणि घोळ सुरू झाला.

"अपे, माहिती देणाऱ्यांत ती धुरपदा माझ्या वर कशी?"

"अकारविल्हे आहे, आप्पा! 'म'च्या आधी 'ध' येतो."

"सोसायटीच्या इलेक्शनला तिनं मला पाडलं. आता कागदावर बी तिलाच वर बसवतीस व्हय? काढ माझं नाव! माहिती बी काढ!"

सहा पानं आप्पांच्याच चाळीवर होती. आणि दौंडला नेणारी गाडीही त्यांचीच!

महेंद्र म्हणाला, "दोघंबी एकाच ओळीत घिऊ. डावीकडं आप्पा, उजवीकडं बाई. वर ठळक 'मान्यवर' टाकतो."

आप्पा खुलले. इतके खुलले, की त्यांनी गावात फोन लावला! मग काय विचारता!

"आमचं मान्यवरात हाय का?"

"आन् आमच्या थोरल्याचं? तू आली तवा त्यो शेजारीच बसला हुता!"

माझा फोन तव्यासारखा तापला. घड्याळ पळतंय, महेंद्र नावं टाकतोय, मी दुकानात येरझाऱ्या घालतेय! अक्षर बारीक केलं, समास खाल्ले, तरी नावं मावेनात.

"पंधराच पानं ना? कायतरी उडवावं लागंल," महेंद्र म्हणाला.

"उडव निष्कर्ष!" मी ओरडले. "मॅडमना तोंडी सांगते!"

पाचच्या ठोक्याला धापा टाकत दौंडचं कॉलेज गाठलं. माझ्या मार्गदर्शक अनुपमा मॅडमनी पहिलं पान पाहिलं. मग शेवटचं. मग पुन्हा पहिलं.

"निष्कर्ष नाही यात."

"तोंडपाठ आहे, मॅडम!"

"तो ऐकेन मी. पण वर्षभर तुमच्यापुढं डोकं मी फोडलं. एवढ्या मान्यवरांत माझं नाव कुठंय?" आणि कागद माझ्याकडं परत सरकले.

मी केविलवाण्या चेहऱ्यानं दाराकडं पाहिलं. तिथं आप्पा उभे होते, माझी बाजू घेतील असं वाटलं. ते आत आले आणि गंभीरपणे म्हणाले,

"बाईंचं बरोबर हाय, अपे! आसं कुणाला डावलत्यात व्हय?"