चंद्रभानच्या कानातला खरा खडा

निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली, तरी जिंतूरच्या बाजारात मुंजाजी कानवाल्याचा धंदा जुन्याच चालीवर सुरू होता. कानात सळई फिरवायची, बोटांच्या बेचक्यात लपवलेला नदीतला बारीक खडा कानातून निघाल्यासारखा दाखवायचा. "बगा, काय काय साठतंय!" म्हटलं की गिऱ्हाईक खूश. वीस वर्षांत एकाही कानात खरा खडा सापडला नव्हता आणि सापडावा अशी मुंजाजीची मुळीच इच्छा नव्हती.

त्या मंगळवारी चंद्रभान समोर बसला. विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून काढण्यात त्याचा जन्म गेला होता. मुंजाजी सवयीनं ओरडला, "लय मोठा खडा हाय!" आणि आत डोकावला तर खरोखरच होता. पांढुरका, गोल, टणक.

चिमटा लावताच चंद्रभान असा बोंबलला की निम्मा बाजार गोळा झाला. मुंजाजीनं घाईघाईत हातातला खडा पुढे केला. "निगाला, निगाला!"

चंद्रभानची बायको कस्तुराबाई मात्र नवऱ्याचा कान धरून आत बघत होती. "कुटं निगाला? हा काय आत बसलाय!"

मुंजाजीला दरदरून घाम फुटला. वीस वर्षांचं पाप आज कान धरून उभं राहिलं, असं त्याला वाटलं. "आमच्या मालकाला काई झालं तर तुला सोडायची न्हाई," म्हणत कस्तुराबाईनं त्याची पिशवी पकडली आणि दोघांना घेऊन ती थेट सरकारी दवाखान्यात शिरली. गर्दीही मागोमाग आली.

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा सारखा करून कान पाहिला. "हा खडा नाही, कानाचं हाडच वाढलंय. सतत गार पाण्यात बुड्या मारणाऱ्यांना होतं असं. ऐकू येतंय ना? मग राहू द्या. मात्र उपटायला गेलात तर कान गमवाल."

मुंजाजीचा जीव भांड्यात पडला. तो पायरी उतरतो न उतरतो, तोच व्यंकटराव देशमुख आडवे आले. दारातून सगळं ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मुंजाजी, मागल्या बाजारी माज्या कानातून तीन खडे काडलेस. म्हंजे ती हाडं व्हती?"

मुंजाजी कात्रीत सापडला. खडे म्हणावं तर ते कानात आले कुठून हे विचारलं जाऊन लबाडी उघडी पडणार, हाडं म्हणावं तर देशमुख जित्ता सोडणार नाहीत.

"हाडंच व्हती, देशमुख," तो कसाबसा म्हणाला. "पर जपून ठिवलीत."

"मग बसव परत!"

मुंजाजीनं पिशवीतून तीन खडे काढले, एकेक करून कानाशी नेले, सळई फिरवली, खडे गुपचूप धुळीत सोडले आणि रिकामा तळवा दाखवला. व्यंकटरावांनी डोकं हलवून पाहिलं.

"आता कसं लय बेस वाटायलंय!"

मुंजाजीनं सुटकेचा श्वास टाकत मागं पाहिलं. दवाखान्याच्या भिंतीला धरून वीस वर्षांची गिऱ्हाइकं कान चाचपत रांगेत उभी होती. पिशवीत खडे सातच उरले होते आणि नदी चांगली लांब होती.